नाव, लौकिक आणि एक दाखला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला नेमून दिलेला विषय होता 'आपल्या शाळेचा नावलौकिक'. विषय तसा सोपा. दहावीचे निकाल, नोकरीला लागलेल्या मुलामुलींची यादी, परिपाठाच्या वेळची बुद्धवंदना, शिस्त, घनसावंगी तालुक्यात आणि तालुक्याबाहेर शाळेविषयी निघणारे चांगले उद्गार, एवढे क्रमाने मांडले की चार पाने सहज भरतात. हे सर्व माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सहकारी या अंकात आहेतच. मी लिहायला बसलो तेव्हा 'नावलौकिक' या शब्दापाशीच लेखणी अडली. या शब्दाशी माझा एक जुना हिशेब आहे आणि इतकी वर्षे मी तो कोणापुढे उघडलेला नाही. तो उघडण्यासाठी मला आधी एका नाटकाचा आधार घ्यावा लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

काही वर्षांपूर्वी आपल्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांकडून मी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तील दोन प्रवेश बसवून घेतले होते. कुंभार पिंपळगावात, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरे जिथे राहून शिकतात अशा शाळेत शेक्सपिअर कशाला, असे तेव्हा काहींनी विचारले. त्यांना मी सांगितले की हे नाटक मराठीला परके नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच त्याचे भाषांतर केले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला आणि गणपतराव जोश्यांनी ती भूमिका गाजवली. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही ते मराठीत आणले. झुंझाररावाच्या प्रयोगाला आमच्या पणजोबांना नाटकगृहात कोणत्या जागी बसू दिले असते, किंवा मुळात आत येऊ दिले असते का, हा प्रश्न मी त्या वेळी मनातच ठेवला.

मी स्वतः हे नाटक वाचले ते तेव्हाच्या औरंगाबादला, मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना. इंग्रजी कच्चे. नागसेनवनातल्या खोलीत एका मांडीवर पुस्तक आणि दुसऱ्या मांडीवर शब्दकोश घेऊन मी ते महिनाभर रेटत होतो. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, मला त्यातल्या मत्सरापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक दिसली. परीक्षेच्या पुस्तकांत हे मत्सराचे नाटक म्हणून शिकवले जाते. मला ते नावाचे नाटक वाटले, म्हणजे कोणाचे नाव किती चालते आणि कोणाच्या शब्दाला किती वजन मिळते याचे.

गोष्ट थोडक्यात अशी. व्हेनिसच्या राज्यात ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा, परदेशातून आलेला सेनापती आहे. त्या शहरात त्याला गोतावळा नाही. आहे ते लढायांत मिळवलेले नाव. ब्राबँशिओ नावाचा एक मोठा सरदार त्याला घरी बोलावतो, त्याच्या तोंडून मोहिमांच्या हकिकती आवडीने ऐकतो. पण त्याच सरदाराच्या मुलीने, डेस्डेमोनाने, आपल्या मर्जीने या सेनापतीशी लग्न केले, हे कळताच बाप मध्यरात्री माणसे गोळा करतो आणि याने जादूटोणा करून माझी पोर नेली असा आरोप करतो. आपल्या वाचकांना हा प्रसंग उलगडून सांगावा लागत नाही. शेजारी बसवून घेणे वेगळे आणि सोयरीक वेगळी. सहभोजनाने जात जाणार नाही, तिचा खरा आधार विवाहाच्या बंदीत आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. ब्राबँशिओचे घर हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे.

मात्र त्याच रात्री एक चांगली गोष्ट घडते. राज्यमंडळाची बैठक भरलेली असते. ब्राबँशिओ आपली फिर्याद मांडतो. राज्यप्रमुख लगेच निकाल देत नाही. तो ऑथेल्लोला बोलू देतो, डेस्डेमोनाला बोलावणे पाठवतो, ती येऊन आपले म्हणणे सांगते, आणि मग आरोप गळून पडतो. म्हणजे रीतसर सुनावणी होते. तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत होते आणि या सेनापतीवाचून राज्याचे चालणार नव्हते, हेही त्या सुनावणीचे एक कारण असावे. गरज नसती तर त्याला बोलू दिले असते का, याची मला शंका आहे. पण सुनावणी झाली हे खरे.

पुढे हाच ऑथेल्लो आपल्या बायकोला ती सुनावणी देत नाही. नाटकातली मला सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट हीच आहे.

त्याचा हाताखालचा अधिकारी इयागो त्याच्या कानात विष ओततो. इयागोची ख्याती प्रामाणिक माणूस म्हणून आहे. ऑथेल्लो त्याला उठता बसता प्रामाणिक म्हणतो, इतरही म्हणतात. ही ख्यातीच त्याचे भांडवल. कॅसिओ नावाचा तरुण अधिकारी दारूच्या नशेत मारामारी करतो आणि पद गमावतो, तेव्हा तो जिवापेक्षा आपल्या गेलेल्या नावासाठी अधिक रडतो. इयागो त्याची समजूत घालतो की नाव ही पोकळ गोष्ट आहे, पुष्कळदा लायकी नसता मिळते आणि दोष नसता जाते. थोड्याच वेळाने ऑथेल्लोपुढे हाच इयागो उलटे बोलतो. पैसा गेला तर फारसे बिघडत नाही, पण नाव गेले की माणूस उघडा पडतो, असा तिथे त्याचा सूर. एकाच तोंडाची ही दोन मते मुलांच्या लक्षात आणून दिली की ती हसतात. गावच्या राजकारणात असे इयागो त्यांनी पाहिलेले असतात.

देवलांविषयी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. संशयाची ही शोकांतिका मराठीत आणणाऱ्या देवलांनीच पुढे संशयावरचे प्रहसनही रंगभूमीला दिले. १९१६ चे 'संगीत संशयकल्लोळ' ते हेच. तिथेही नवरा बायकोवर संशय घेतो, तिथेही रुमालासारखी एक क्षुद्र वस्तू, एक तसबीर, सगळा घोटाळा करते. फरक इतकाच की तिथे माणसे शेवटी समोरासमोर येतात, एकमेकांना विचारतात आणि प्रेक्षक हसत घरी जातात.

तालमीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने मला थांबवले. ती डेस्डेमोनाचे काम करत होती. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जात. ती म्हणाली, "सर, त्यानं तिला आधीच कामून नाही इचारलं?"

मी शिक्षकी थाटात उत्तर दिले की विचारतो ना, चौथ्या अंकात विचारतो, तिच्या सोबतिणीलाही विचारतो. ती म्हणाली, "पण तवा तर त्याचं ठरलेलं असतंय."

मी तालीम तेवढ्यावर थांबवली. मुलांना वाटले सरांची तब्येत बरी नाही.

तब्येतीचे काही झाले नव्हते. त्या मुलीने नकळत माझ्याच एका कृत्यावर बोट ठेवले होते. ते समजण्यासाठी वाचकांनी माझ्याबरोबर थोडे इतिहासात यावे. मी तो वर्गात पंचवीस-तीस वर्षे शिकवत आलो आहे, तेव्हा ही सवय सुटणे कठीण.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्द पुष्कळ. 'इज्जत' अरबीतून आला. 'अब्रू' फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी. चवदार तळ्याचा धडा शिकवताना हा अर्थ सांगितला की वर्ग क्षणभर गप्प होतो. 'लौकिक' हा लोकांपासून निघालेला शब्द, म्हणजे लोकांनी दिलेले आणि लोक परत घेऊ शकतील असे काही. 'प्रतिष्ठा' हा शब्द मात्र संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात व्यक्तीला जोडून आला आहे, आणि तिथे ती मिळवण्याची अट नाही.

कायद्याने अब्रूचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९९ आले आणि अब्रुनुकसानी हा गुन्हा ठरला. मेलेल्या माणसाच्या नावालाही त्यात संरक्षण होते. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर टीका करणाऱ्या दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावर पुण्यात खटला झाला तो याच तत्त्वावर, आणि १९२६ मध्ये बाबासाहेबांनी बॅरिस्टर म्हणून उभे राहून जेधे-जवळकर प्रभृतींना त्यातून सोडवले. मृतांच्या नावाची एवढी काळजी घेणाऱ्या सरकारने दंडसंहितेनंतर अकराच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने जिवंत माणसांच्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुरावा नको, साक्ष नको. जमातीचे नाव यादीत आले की त्यात जन्मलेल्या मुलाचे नाव आपोआप डागाळलेले. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही, वसाहतीच्या तारेच्या कुंपणात राहायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हटल्या जाऊ लागल्या. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि गावोगावच्या ठाण्यांत जुनी नजर तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांना ही नजर म्हणजे काय हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी ते पुस्तक वाचावे.

हे सगळे मी शिकवत होतो. तारखांसह शिकवत होतो. आणि तरीही जे घडले ते घडले.

१९९५ चा डिसेंबर. या शाळेत रुजू होण्यापूर्वी मी दुसऱ्या एका गावी, एका वसतिगृहाचा अधीक्षक आणि तिथल्याच शाळेत सहशिक्षक होतो. त्या संस्थेचे नाव देत नाही, कारण दोष संस्थेचा नव्हता, माझा होता. वय पंचविशीच्या पुढे थोडे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. १९७८ च्या जुलैमध्ये ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार, मधली साडेपंधरा वर्षे आमच्या घरांनी जे भोगले ते या अंकाच्या वाचकांना मी काय सांगणार! पोचिराम कांबळेंनी त्यात जीव दिला. एका नावासाठी माणसे काय मोजतात हे मी लहानपणापासून पाहिले होते. माझे वडील सालगडी होते. ते म्हणायचे, "आपल्याला दुसऱ्याच्या दुप्पट चांगलं ऱ्हावं लागतंय, तवा कुठं लोक निम्मं मानतेत." ऑथेल्लोचे दुःख मला वडिलांच्या या वाक्यामुळे आधीच ठाऊक होते.

वसतिगृहात सातवीला पारधी समाजाचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. पालावरून आलेला, त्याच्या कुटुंबात शाळेचे तोंड पाहणारा पहिलाच. गणितात हुशार. अक्षर इतके वळणदार की फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिही. बोलायचा मात्र कमी.

एका शनिवारी गावातल्या एका वजनदार गृहस्थांचा मुलगा, तोही आमच्याच वसतिगृहात होता, रडत माझ्याकडे आला. मागे त्याचे वडील. मुलाच्या मनगटावरचे नवे एच. एम. टी.चे घड्याळ दिसत नव्हते. मुलगा आधी म्हणाला हरवले. मग कोणी तरी म्हणाले चोरीला गेले असेल. मग दोन-तीन मुलांनी एकाच वेळी एकाच मुलाचे नाव घेतले. मी त्यांना विचारले नाही की तुम्ही काय पाहिले. विचारण्याची गरज मला वाटली नाही, आणि आज तीच गोष्ट मला सर्वांत जास्त भयंकर वाटते. ते नाव ऐकताच माझ्या मनात काहीतरी जागच्या जागी बसले. ते गृहस्थ म्हणाले, "सर, बाहेर बोभाटा झाला तर तुमच्या वसतिगृहाचं नाव खराब होईल." मलाही तेच वाटत होते. आमचे वसतिगृह म्हणजे आमच्या समाजाने उभे केलेले काम, त्याकडे बोट दाखवायला टपलेले पुष्कळ. संस्थेच्या नावाला डाग लागता कामा नये, या एका विचाराने मी त्या मुलाच्या पत्र्याच्या पेटीपाशी गेलो.

सगळ्यांसमोर पेटी उघडायला लावली. घडी केलेल्या सदऱ्यात घड्याळ सापडले.

नाटकात ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो आणि त्याच्या वाट्याला रुमाल येतो. रुमाल खराच डेस्डेमोनाचा असतो. तो दुसऱ्याच्या हाती कसा गेला ही गोष्ट मात्र बनावट असते. माझ्या हातात घड्याळ होते आणि मी विचारले, "चोरी का केलीस?" हे घड्याळ तुझ्याकडे कसे आले, असे मी विचारले असते तर पुढचे काहीच घडले नसते. 'का केलीस' या प्रश्नाला प्रामाणिक मुलाजवळ उत्तर असत नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याच्या गप्प बसण्याला कबुली समजलो.

निरोप पाठवला, दुसऱ्या दिवशी वडील आले. ओट्याच्या खालीच उभे राहिले, वर या म्हटले तरी वर आले नाहीत. मी काय घडले ते सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही. मला म्हणाले, "गुर्जी, त्यानं केलं नसंल म्हणावं तर आमचं कोन ऐकनार? आमच्या नावावर आधीच लिवलेलं ऱ्हातंय." मग माझ्यादेखत त्यांनी मुलाला दोन फटके मारले. ते फटके मला दाखवण्यासाठी होते हे तेव्हाही कळत होते. दोघे पेटी घेऊन निघून गेले. शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी मागितला नाही. तो तयार झाला होता, त्यातला मजकूर मीच भरला होता. दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिले होते, 'असमाधानकारक'.

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, ज्याचे घड्याळ होते तोच मुलगा एका रात्री माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले होते. पाच-सहा मुले वसतिगृहाला न सांगता पोहायला गेली होती. तिथे जायला बंदी होती आणि त्या बंदीला कारणही होते. घड्याळ भिजू नये म्हणून त्याने ते सांभाळायला त्या मुलाजवळ दिले, कारण तो एकटाच पाण्यात उतरला नव्हता. त्याच संध्याकाळी वडील अचानक भेटायला आले. पोहायला गेलो हे कळले तर मार बसेल म्हणून तो म्हणाला, हरवले.

"आणि त्यानं का सांगितलं नाही?" मी विचारले.

"सर, आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली होती, पाटावर गेलो हे कुणालाच सांगायचं नाही."

"आणि तू?"

तो बराच वेळ रडत राहिला. मग म्हणाला, "सर, मी सांगणारच होतो. पण तुम्ही पेटी उघडली, आणि मग सगळं ठरूनच गेलं."

बारा वर्षांच्या एका मुलाने दिलेला शब्द पाळला होता. माझ्यासमोर, सगळ्या मुलांसमोर, बापाच्या हातचे फटके खाताना पाळला होता. आमच्या या गोष्टीत इयागो कोणी नव्हता. एका घाबरलेल्या पोराचे एक लहानसे खोटे होते, एवढेच. बाकीचे काम त्या मुलाच्या जमातीच्या नावाने केले आणि माझ्या हाताने केले. महारांच्या नावावर गावाने शतकानुशतके काय लिहिले हे ज्याने घरात ऐकले, त्याच्या हाताने केले. हे मी लिहितो आहे ते कोणाची क्षमा मिळावी म्हणून नव्हे.

मी त्यांना शोधायला गेलो. अंबडच्या रस्त्यावर, जिथे त्यांची पालं होती त्या माळावर काळवंडलेले तीन-तीन दगड आणि राख तेवढी होती. जवळच्या वस्तीवर विचारले तर एकाने सांगितले परतूरकडे गेले, दुसऱ्याने सांगितले गोदावरीपलीकडे गेले. परतूरच्या स्टेशनावर दोनदा गेलो. आठवडी बाजारांत पारधी बायका दिसल्या की त्यांना विचारायचो, आणि मास्तरासारखा दिसणारा माणूस नाव घेऊन चौकशी करतो आहे म्हटल्यावर त्या काही सांगायच्या नाहीत. त्यांचेही बरोबर होते. नाव घेऊन चौकशी करत येणारी माणसे त्यांच्याकडे कशासाठी येतात हे त्यांना माहीत होते.

मुख्याध्यापकांना सर्व हकिकत सांगून मी दाखल्याच्या नोंदीत दुरुस्ती करून घेतली. 'असमाधानकारक' हा शब्द लाल शाईने खोडला, वर 'चांगली' लिहिले, बाजूला सही आणि तारीख घातली. दाखला फायलीतच राहिला. त्या मुलांसमोर मी एका सकाळच्या परिपाठाला खरे काय ते सांगितले, पण ज्याच्याविषयी सांगायचे तो तिथे नव्हता. ज्या वजनदार गृहस्थांच्या भीतीने आणि वसतिगृहाच्या नावाच्या काळजीने मी घाई केली होती, त्यांना मी हकिकत कळवली. त्यांनी ती गंमत म्हणून ऐकून घेतली. "पोरंच ती, चालायचंच," म्हणाले. आपल्या मुलाविषयी एवढी उदारता दाखवणे त्यांना सोपे होते.

ऑथेल्लोच्या शेवटाविषयी एक गोष्ट राहिली. सत्य बाहेर येते ते इयागोच्या बायकोच्या, एमिलियाच्या तोंडून. त्यासाठी तिला जीव गमवावा लागतो. ऑथेल्लोला आपली चूक कळते आणि मरण्यापूर्वी तो सर्वांना विनवतो की माझ्याविषयी लिहाल तेव्हा आहे तसे लिहा, मी राज्याची सेवा केली आहे हेही ध्यानात असू द्या. मिलिंदमध्ये असताना या भाषणाने माझे डोळे भरून आले होते. आता तालमीत ते वाचताना मला वेगळेच वाटले. डेस्डेमोना शेजारी मेलेली पडली आहे आणि हा अजून आपल्या नावाची व्यवस्था लावतो आहे. खरे म्हणजे तीही मरताना त्याचेच नाव वाचवू पाहते, दोष आपल्यावर घेते. तिचे नाव कोणी लिहावे याची सूचना कोणीच कोणाला देत नाही.

आता संपादक मंडळाने दिलेल्या विषयाकडे येतो. आपल्या शाळेचा नावलौकिक आहे आणि तो कष्टाने मिळालेला आहे, याचा मला अभिमान आहे. पण संस्थेत काही वावगे घडले असा संशय आला की आमच्यापैकी कोणी तरी लगेच म्हणतो, "शाळेचे नाव खराब होईल." ते वाक्य कानी पडले की मी थांबतो. वर्गाबाहेर येऊन मुलाला एकट्याला बसवतो आणि त्याला विचारतो की काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग. पेटी मी कोणाची उघडत नाही. सहकाऱ्यांना माझा हा सावकाशपणा कधी कधी त्रासदायक वाटतो. त्याचे कारण त्यांना आज कळेल.

त्या स्नेहसंमेलनात आम्ही दोन्ही प्रवेश सादर केले. त्या मुलीच्या आग्रहावरून राज्यमंडळासमोरच्या सुनावणीचा प्रवेश आधी घेतला आणि रुमालाचा नंतर. गावातले बरेच लोक आले होते. ऊसतोडीचा हंगाम असल्याने तिचे आईवडील नव्हते.

दर वर्षी जून महिन्यात दहावीच्या मुलांचे दाखले लिहायचे काम माझ्याकडे येते. नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, असे रकाने भरत मी 'वर्तणूक'पाशी येतो. कारकून म्हणतो, "सर, एवढा वेळ कशाला? सगळ्यांचं 'चांगली'च लिहायचं असतं." त्याचे म्हणणे खरे आहे. मी प्रत्येक मुलाचा चेहरा आठवतो, मग लिहितो. यंदा दोन दिवस लागले.